मामांचा ‘व्हेरी’वर विश्वास नव्हता

आमच्या मामांसमोर कुणी ‘व्हेरी’ म्हटलं की मामांची डावी भुवई वर चढायची आणि बोलणारा माणूस निघून जाईपर्यंत खाली यायची नाही. सांगलीच्या ज्या हायस्कुलात ते इंग्रजी शिकवत, तिथली पोरं त्यांना पाठीमागं ‘व्हेरीचा वैरी’ म्हणत. मामांना हे ठाऊक होतं. “नाव बरोबर ठेवलंय,” एवढंच ते म्हणत. मात्र ते कुणी ठेवलं असावं, याचा तपास त्यांनी निवृत्त होईपर्यंत चालू ठेवला होता.

गाय या विषयावरचा निबंध कुठल्या मास्तरनं तपासला नसेल? ‘गाय हा व्हेरी उपयोगी प्राणी आहे’ असं इंग्रजीत लिहिणारी पोरं दरवर्षी निघत आणि दरवर्षी मामा एकाला उभं करत. “गाय उपयोगी आहे एवढं म्हणाला असतास तर मी मुकाट्यानं मानलं असतं. तू व्हेरी घातलास आणि मला शंका आली. कोण म्हणतं तिला निरुपयोगी? नाव सांग.” पोरगं बिचारं खाली मान घालून उभं. “ज्या शब्दाचे पाय धड असतात त्याला काठी लागत नाही. जो लंगडतो त्यालाच तुम्ही व्हेरीची काठी देता. आणि काठी दिसली की मी आधी पाय बघतो.” मेलेल्याला ‘व्हेरी डेड’ म्हणणाऱ्या एका मुलाला त्यांनी विचारलं होतं, “का रे, नुसतं मेलेलं उठून बसतं का?”

या शब्दाचा एकच उपयोग मामांना मान्य होता. ‘द व्हेरी मॅन’, म्हणजे हाच तो माणूस, दुसरा नव्हे. “इथं व्हेरी बोट ठेवतो. बोट ठेवणारा व्हेरी इमानी. बाकीचे सगळे फुगवणारे,” असं ते फळ्यावर खडू आपटत सांगत. हा शब्द जुन्या काळी ‘खरा’ या अर्थानं वापरत, हेही त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज एखादा नातेवाईक वाया गेल्यासारखा व्हायचा. “खोटं बोलणाऱ्यांनी याला इतका राबवला की बिचाऱ्याच्या अंगात आता काही उरलं नाही.”

मी लहानपणापासून मामांच्याच घरी वाढले. मामांचं गाव इस्लामपूरजवळ. घरी उसाची शेती, निम्मे भाऊबंद पलटणीत. मॅट्रिकच्या पुढं गेलेले घरातले मामा पहिलेच. सांगलीत हळदीच्या एका वखारीमागं आमच्या दोन खोल्या होत्या. मामांना मूलबाळ नव्हतं. घरात मामा, मामी आणि मी. हळदीच्या दिवसांत आमची धुणीसुद्धा वाळून पिवळी व्हायची, आणि ही हळद आपल्याच दोरीवर जास्त का बसते, याबद्दल शेजाऱ्यांवर मामांचा संशय होता.

मामांचं हे इंग्रजीचं वेड इंग्रजीपुरतं राहिलं असतं तर घरात शांतता नांदली असती. पण मराठीतले ‘फार’, ‘अगदी’ आणि आमच्या भागातलं ‘लय’, या सगळ्यांना ते व्हेरीचे चुलतभाऊ समजत. गवळी म्हणाला, “मास्तर, आज दूध लय घट्ट हाय,” की मामा म्हणत, “मी विचारलं होतं का?” आणि अंगठ्याच्या नखावर दुधाचा थेंब ठेवून तो ओघळतो का बघत बसत. मामी आतून म्हणायची, “आवं, सोडा त्याला, अजून बाराजणांच्या दारात जायचंय त्याला.” मामा मान वर न करता उत्तर देत, “तिथंही लय घट्टच असणार.”

लढाईचे दिवस होते. वर्तमानपत्रात शत्रूचं ‘व्हेरी मोठं’ नुकसान झाल्याची बातमी आली की मामा घडी घालत म्हणत, “म्हणजे आपलंही काहीतरी बुडालेलं दिसतंय.” तसं बघितलं तर त्या काळात आमच्या सातारा-सांगलीकडं संशयाला तोटा नव्हता. कोण भूमिगत, कोण खबऱ्या, कुणाच्या माळ्यावर धान्य, कुणाच्या माळ्यावर माणूस, सगळे सगळ्यांकडं वाकडी मान करून बघत. पण बाकीच्यांचा संशय बेचाळीस सालानंतरचा. मामांचा जुना होता.

त्याचं मूळ मला मामीनं सांगितलं. मी तेव्हा परकर सोडून नुकतीच साडी नेसायला लागले होते. मामांच्या पाठची बहीण म्हणजे माझी आई. तिच्यासाठी एक स्थळ आलं, तेव्हा मामा नुकतेच मॅट्रिक झाले होते. मध्यस्थ होता एक पेन्शनीत निघालेला सुभेदार. बाकीचे पाव्हणे घोंगड्यावर बसलेले असताना त्यानं मामांना बाजूला नेलं, शेजारी खुर्ची दिली आणि सगळ्यांच्या देखत इंग्रजीत सांगितलं की घर व्हेरी गुड, मुलगा व्हेरी सोबर. सोबर म्हणजे दारूला न शिवणारा. सगळ्या गावात आपल्याशी एक माणूस इंग्रजीत बोलतोय, याचंच मामांना अप्रूप. त्यांनी आमच्या आजोबांना सांगितलं, “होऊ द्या.” आजोबांनी पोराच्या शिक्षणावर भरवसा ठेवून सुपारी फोडली.

तो व्हेरी सोबर मुलगा म्हणजे माझे वडील. लग्नाच्या मांडवातसुद्धा ते धड उभे नव्हते म्हणे. आई मला कडेवर घेऊन माहेरी परत आली ती खंगूनच, आणि मला तिचा चेहरा लक्षात राहण्याआधीच गेली. मामा या विषयावर जन्मात एक शब्द बोलले नाहीत. मामीनं हे सांगितलं त्या दिवशी मी मामांच्या चढलेल्या भुवईकडं पहिल्यांदा नीट बघितलं, आणि मला फार वाईट वाटलं. इथं ‘फार’ मी जाणूनबुजून घातलंय. मामांनी खोडलं तरी चालेल.

पुढं माझ्या लग्नाचं बघायला लागले, तेव्हा घरात काय चाललं असेल याची कल्पना करा. मला धड ठिकाणी द्यायचं, ही एकच गोष्ट मामांना आयुष्यात उरली होती, आणि तीच करायची त्यांची छाती होत नव्हती. एक स्थळ आलं. मुलाच्या काकानं सांगितलं, “मुलगा अतिशय होतकरू.” मामांनी पानाचं तबक पुढं करून पाव्हण्यांना वाटेला लावलं. दुसऱ्यानं स्वतःच आपल्या इंग्रजीबद्दल ‘व्हेरी वेल’ असं सांगितलं. त्याला तर पानही मिळालं नाही.

हळूहळू सांगलीभर ही गोष्ट झाली. मास्तरांकडं जायचं तर तोंड सांभाळून बोला, असं लोक एकमेकांना बजावू लागले. मग येणारे पाव्हणे कसे बोलावेत? “मुलगा बरा आहे. शेत आहे. घर आहे.” मध्ये एक विशेषण नाही. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते गेल्यावर मामीला म्हणाले, “यांना कुणीतरी शिकवून पाठवलंय.” मामीनं कपाळावर हात मारून घेतला. “आवं, बोललं तरी खोटं, न बोललं तरी खोटं. मग पोरीनं जायचं तरी कुठं?”

अशात आटपाडीकडचं एक स्थळ मामीनंच काढलं. मुलाचं नाव सदाशिव. लढाईत लष्करी मोटारी दुरुस्त करायला होता, ती संपल्यावर परत येऊन गावोगाव उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या एका मालकाकडं मेकॅनिक म्हणून लागला होता. मला बघायला आला तेव्हा त्याच्या नखांत काळं वंगण होतं, आणि ते लपवायला त्यानं हात मागं घेतले नाहीत. मामांनी विचारलं, “इंग्रजी येतं?” तो म्हणाला, “साहेब शिव्या द्यायचा तेवढं कळतं. बाकी न्हाई.” मला हसू आलं. मी तोंडाला पदर लावून आत पळाले आणि मामीला सांगून टाकलं, हेच. मामी म्हणाली, “मला काय सांगतीस? भुवईला सांग.”

भुवई काही खाली आली नव्हती. पण मामा पहिल्यांदाच नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “इथं सगळे मला ओळखतात. जिथं मला कुणी ओळखत नाही, तिथं जाऊन विचारतो.” आमच्याकडं सोयरीक ठरवण्याआधी चौकशी करतातच, पण ती पाव्हण्या-रावळ्यांतून. मामांना पाव्हणे नकोत आणि रावळेही नकोत. बाजाराच्या दिवशी मेंढरं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणून आटपाडीला जायचं, असं त्यांनी ठरवलं. निघाले तेव्हा अंगात काळा कोट, डोक्याला टोपी, हातात छत्री आणि खिशाला फाउंटन पेन. मेंढरं घ्यायला फाउंटन पेन कशाला, हे विचारायची मामीची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मामा परत आले, पाय धुतले आणि पाटावर बसायच्या आधीच म्हणाले, “हे स्थळ नको.”

मामीच्या हातातली परात तशीच राहिली. मामांनी सांगितलं की बाजारात न्हावी, धनगर, चहावाला, ज्याला विचारलं त्यानं एकच सांगितलं. घर लय गरीब. शेतात काही पिकत नाही. आणि पोराला लय खोकला, तो कामाचा नाही. “आणि एक लक्षात घ्या,” मामा म्हणाले, “चांगलं सांगताना माणूस फुगवून सांगतो. वाईट सांगताना कुणी कशाला फुगवेल? आज पहिल्यांदा मी खरं ऐकून आलोय. गरिबीचं काही नाही. पण खोकणाऱ्या पोराला मी इंदू देणार नाही.”

इंदू म्हणजे मी. मामांपुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. “मामा, तो आपल्याकडं एवढा वेळ बसला. एकदाही खोकला नाही.”

“दाबला असेल.”

“खोकला कुणाला दाबता येतो?”

“लग्न ठरेपर्यंत माणसाला काय काय दाबता येतं, ते मी बघितलंय,” मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा काही फाटला की माझा राग जागच्या जागी विरला. त्यांना माझा हट्ट दिसत नव्हता. त्यांना माझी आई दिसत होती. मी आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले. एकीकडं मामांची कीव येत होती आणि दुसरीकडं त्यांच्या त्या पेनाची निब मोडून टाकावी असं वाटत होतं.

मामीनं नकाराचा निरोप धाडला, पण कारणासकट धाडला. मला वाटतं, ते तिनं मुद्दाम केलं. आठवडाभरात, भर दुपारी, आमच्या दारात तीन माणसं येऊन उभी राहिली. सदाशिवचे वडील, त्यांच्या गावचा न्हावी आणि घोंगडं पांघरलेला एक धनगर. मामांना बघितल्याबरोबर धनगरानं कान पकडले.

“आवं मास्तर, चुकी झाली. आमाला वाटलं तुमी लेव्हीचं सायेब.”

लेव्हीचा माणूस म्हणजे शेतकऱ्याच्या घरातलं धान्य मोजून सरकारजमा करणारा. लढाई संपली तरी लेव्ही संपली नव्हती, आणि तो माणूस गावात आला की चुलीवरची भाकरीसुद्धा लोक झाकून ठेवत.

“मी तर मेंढरं घ्यायला आलो होतो,” मामा जरा ताठ होऊन म्हणाले.

“मेंढरं घेणारा आदी दात बघतोय, मास्तर. तुमी त्येच्या पाठीवरनं हात फिरवला, मांजरावरनं फिरवत्यात तसा. आन् इचारलं काय, तर घरात मानसं किती, पिकतं किती, पोरगं काय करतंय. सरकारी मानूसच इचारतोय असं. आमी म्हनलं, ह्यो धान्य तरी न्हेनार, न्हाईतर पोराला परत मिलटरीत तरी न्हेनार. मग काय, बोललो. लय खोटं बोललो.”

मामी पदराआड हसत होती. मामांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते सदाशिवच्या वडिलांकडं वळले. “तुम्ही यांना सांगून ठेवलं होतं?”

“न्हाई वो,” म्हातारा म्हणाला. “मी तवा रानात हुतो. मला तर तुमचा निरोप आल्यावर कळलं की माझ्या पोराला खोकला हाय.”

“मग सायेब दिसला की तुम्ही गावातल्या सगळ्यांसाठीच असं खोटं बोलता?” मामांनी न्हाव्याला विचारलं.

न्हावी जरा चपापला. मग म्हणाला, “सगळ्यांसाठी कशापायी? गावात अशी बी घरं हायती, त्येंचं इचारलं असतं तर भिंतीतलं धान्याचं बळद कुठं हाय, ते मी सोता येऊन दावलं असतं.”

मामांची भुवई हलली. त्यांनी धनगराला मागच्या अंगणात नेलं. तिथं मी धुणं वाळत घालत होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं. एखाद्या मामलेदारानं जबानी घ्यावी तसं त्यांनी त्याला विचारलं, “गावातलं कुठलं घर सायबाला दाखवलं असतं?” धनगरानं आधी आढेवेढे घेतले, मग एका बड्या घराचं नाव घेतलं. मामा पुन्हा पुढच्या खोलीत गेले, न्हाव्याला एकट्याला दाराबाहेर बोलावलं आणि तेच विचारलं. त्यानंही तेच नाव घेतलं, वर एक शिवी घातली.

मामा आत येऊन बसले. मग ते हळू आवाजात म्हणाले, “ह्यांना कुणी सांगितलं नाही. ह्यांचा यात फायदा नाही. सायबाला कळलं असतं तर उलट बेड्याच पडल्या असत्या. तरी अख्खा बाजार त्या घरासाठी खोटं बोलला.” ते कुणाशी बोलत होते कोण जाणे. मला वाटतं, स्वतःशीच. इतकी वर्षं त्यांनी शब्द तासून बघितले होते. माणूस कुणासाठी खोटं बोलतो, हे बघायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

“अगं,” ते मामीला म्हणाले, “गूळ आण. पाव्हण्यांचं तोंड गोड करू.”

मामी परातीएवढा खडा घेऊन आली. मी दोरीपाशी ओल्या लुगड्यात तोंड खुपसून रडले, आणि हळद डोळ्यांत गेल्यामुळं रडतेय असं मामीला सांगितलं. तिनंही ते खरं मानल्यासारखं केलं.

लग्न झालं. मामांनी मांडवात सदाशिवच्या इतक्या जवळ उभं राहून अक्षता टाकल्या की फोटोत नवरदेवाच्या खांद्यावर मामांचं नाक आलंय. वास बघत होते, दुसरं काही नाही. पाठवणीला सगळे रडले, मामा नाही रडले. ते जावयाला म्हणाले, “मी न सांगता येत जाईन.” नवऱ्या मुलाला असा आशीर्वाद आजवर कुणी दिला नसेल.

आणि ते खरोखर न सांगता आले. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. आमच्या घरी सोप्यात पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी आधी माझ्या मनगटांकडं बघितलं, मग चेहऱ्याकडं. मी पाणी आणायला गेले तेवढ्यात ते चुलीपाशी येऊन डब्यांची झाकणं उघडून बघत होते. सासूबाई दाराआडून बघत होत्या. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “तुजं मामा अजून लेव्हीचंच हायती का गं?” मामांनी खुंटीवरच्या सदाशिवच्या सदऱ्याचा वास घेतला. तिथं डिझेल आणि घाम यांच्याशिवाय काही नव्हतं. शेजारच्या म्हातारीला त्यांनी आडून आडून विचारलं, घरातून रात्रीबेरात्री आवाज येतात का. ती म्हणाली, “येत्यात की. दोघं हसत्यात.”

मी बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. मामा जेवले. आणखी एक भाकरी मागून घेतली. मग सोप्यातल्या घोंगड्यावर जरा पाठ टेकतो म्हणाले, संध्याकाळच्या मोटारीनं परत जायचं होतं. मी भांडी घासून आले तर मामा झोपले होते. तोंड उघडं, टोपी बाजूला कलंडलेली, दोन्ही हात सैल पडलेले. मी मामांच्या घरात लहानाची मोठी झाले, पण मामांना दिवसाढवळ्या असं झोपलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. मामी म्हणायची, तुझी आई गेल्यापासून हे रात्रीसुद्धा अर्धेच झोपतात, दाराची कडी वाजली की उठून बसतात. आणि आता सासूबाई जात्यावर बसल्या होत्या, शेजारची पोरं दारात कालवा करत होती, तरी मामांच्या भुवया जागच्या जागी होत्या. दोन्ही, सारख्या.

सदाशिव कामावरून आला, मामांना बघून पाया पडायला पुढं झाला. मी त्याचा हात धरून मागं ओढलं. तो काही न विचारता चपला हातात घेऊन मागच्या दारानं आत गेला.

मामा आता नाहीत. त्यांच्या जाण्याचं दुःख मला व्हायचं तेवढं झालं, पण मामांची आठवण म्हटली की मला त्यांचा शेवटचा आजार आठवत नाही, ती दुपार आठवते. उन्हं कलली तेव्हा वेशीबाहेरून मोटारीचा भोंगा वाजला. मामा धडपडून उठून बसले. क्षणभर आपण कुठं आहोत हेच त्यांना कळेना. मग त्यांना मी दिसले.

“मोटार गेली?”

“गेली, मामा. मीच उठवलं नाही.”

मामांनी माझ्याकडं बघितलं, आत पितळी घंगाळात हात धुणाऱ्या सदाशिवकडं बघितलं.

“जाऊ दे,” ते म्हणाले, आणि कूस बदलून पुन्हा झोपले.